मोडेम ३३,६०० चा, तरी बिल जिथल्या तिथे: गळती कुठे शोधायची

नमस्कार. आधी तुमचं म्हणणं मला जसं समजलं तसं मांडतो, म्हणजे मी भलत्याच प्रश्नाला उत्तर देत बसलो नाही ना, हे तुम्हालाही कळेल.

दूरच्या मोजणी केंद्रावर तुमचा एक डॉसचा संगणक आहे. दिवसभराच्या नोंदींची साधारण २ एमबीची मजकूर-फाइल तो रोज रात्री मोडेमवरून मुख्य कार्यालयातल्या ४८६ प्रोसेसरच्या पीसीकडे पाठवतो. त्या ४८६ वर विंडोज ३.१ आहे आणि फाइल घेणारा, झेडमोडेम या फाइल-पाठवणीच्या प्रोटोकॉलचा डॉस-प्रोग्राम विंडोजच्या खिडकीत चालतो. उपकरणं बनवणारे आता धंद्यात नाहीत, त्यामुळे सॉफ्टवेअर बदलायची सोय नाही, आणि केंद्रापर्यंत फोनच्या तारेशिवाय दुसरं काही पोचलेलं नाही. कॉल लांब पल्ल्याचा, आकारणी मिनिटावर. जुने ९६०० चे (सेकंदाला ९६०० बिट) मोडेम काढून तुम्ही दोन्ही टोकांना ३३,६०० चे बसवले. वेग साडेतीन पट, म्हणजे बिलही त्याच हिशेबाने उतरेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात २० मिनिटांचा कॉल १६-१७ मिनिटांवर येऊन थांबला. संगणक आणि मोडेम जोडणाऱ्या सिरियल पोर्टचा वेग तुम्ही १,१५,२०० ठेवलाय, मोडेम ३१,२०० वर जुळल्याचं सांगतो, आणि लॉगमध्ये सीआरसीच्या (डेटाची पडताळणी न जुळल्याच्या) चुका दर रात्री दिसतात. तुम्ही विचारताय की ५६,००० चा मोडेम घ्यावा, का कुठला 'चांगला सिरियल ड्रायव्हर' (पोर्ट हाताळणारा प्रोग्राम) मिळतो तो टाकावा.

पहिल्या पर्यायाचं उत्तर एका ओळीचं आहे: घेऊ नका. १९९८ च्या व्ही.९० मानकातला तो ५६,००० चा आकडा एक टोक थेट डिजिटल जोडणीवर असेल तरच लागू होतो. इंटरनेट सेवा देणाऱ्यांकडे तशी जोडणी असायची, म्हणून घरच्या मोडेमला तो वेग मिळायचा, आणि तोही फक्त उतरत्या दिशेने, म्हणजे सेवेकडून घराकडे. दोन्ही टोकांना साधी फोनलाइन आणि साधे मोडेम असले की ते दोघं मुकाट्याने व्ही.३४ या आधीच्या मानकावर येतात, आणि तिथली कमाल ३३,६०० च आहे. ती तुमच्याकडे आधीच आहे.

आता मूळ दुखणं. तुम्ही मोडेमच्या खोक्यावरचा आकडा बघताय. फोन कंपनी मात्र सेकंद मोजते, आणि त्या सेकंदांत खरोखर डिस्कवर उतरलेले बाइट किती, एवढाच आकडा आपल्या कामाचा. २ एमबी भागिले साडेसोळा मिनिटं केलं की सेकंदाला सुमारे २,१०० बाइट येतात. जुन्या मोडेमवर तोच हिशेब १,७५० च्या आसपास येतो. इथे थोडं थांबा. ९६०० च्या मोडेमला सेकंदाला १,७५० बाइट कसे जमले? कारण तो व्ही.४२बिस या मोडेममधल्याच पद्धतीने मजकूर दाबून, म्हणजे कमी बाइटांत बसवून पाठवत होता, आणि बहुधा तुमचा पोर्ट तेव्हा १९,२०० वर होता. सिरियल पोर्टवर एका बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून दहा बिट लागतात, म्हणजे १९,२०० ला कमाल १,९२० बाइट. जुना मोडेम जवळजवळ पोर्टच्या मर्यादेला टेकून चालला होता. थोडक्यात, तुमची जुनी जोडणी तुम्हाला वाटत होती त्यापेक्षा बरी होती आणि नवी तुम्हाला वाटतेय त्यापेक्षा फार वाईट आहे.

नव्या जोडणीकडून काय मिळायला हवं तेही काढू. ३१,२०० वर व्ही.४२ ची त्रुटिदुरुस्ती चालू असली की तारेवर सुरुवातीचे-शेवटचे बिट जातच नाहीत, बाइटला आठच बिट लागतात. म्हणजे ३,९००, त्यातून चौकटींचा (मोडेम डेटा ज्या गठ्ठ्यांत बांधतो त्यांचा) खर्च वजा जाता सुमारे ३,७०० बाइट. तुमच्या नोंदींसारखा मजकूर मोडेमच्या दाबणीत सहज निम्म्यावर येतो, म्हणजे साडेसात हजारांच्या आसपास दिसायला हवेत. कॉल पाच मिनिटांत आटपायला हवा. तुमचा साडेसोळा मिनिटं चालतो. उरलेली अकरा-साडेअकरा मिनिटं रोज कुठे जातात, हा तुमचा खरा प्रश्न.

लॉगमधल्या सीआरसीच्या चुका हा त्याचा पुरावा. बहुतेक लोक या चुका बघून म्हणतात, लाइन खराब. मीही बरीच वर्षं तसंच म्हणत होतो. पण दोन मोडेममध्ये व्ही.४२ चालू असेल तर तारेवर बिघडलेली प्रत्येक चौकट मोडेम आपसांत पुन्हा मागवून घेतात. झेडमोडेमपर्यंत ती चूक पोचतच नाही, फक्त थोडा वेळ जातो. आणि तरीही झेडमोडेमला चूक दिसते, तर ती घडली मोडेमच्या पलीकडे नव्हे, अलीकडे: मोडेम आणि संगणक यांच्यामधल्या हातभर केबलीत, किंवा त्याहूनही अलीकडे, पोर्टच्या चिपमध्ये. शेकडो किलोमीटरची तार निर्दोष आणि टेबलावरच चोरी, असला हा प्रकार आहे.

त्या चिपमध्ये काय घडतं ते जरा जवळून बघू, कारण ड्रायव्हरचा सगळा मुद्दा तिथेच आहे.

सिरियल पोर्टच्या मागे यूएआरटी नावाची चिप असते. पहिल्या पीसींमध्ये ८२५० होती, पुढे १६४५० आली. या दोघींकडे आलेला बाइट ठेवायला जागा एकाच बाइटची. बाइट पूर्ण आला की चिप प्रोसेसरला इंटरप्ट देते: उचल. पुढचा बाइट पूर्ण होईपर्यंत तो उचलला गेला नाही, तर नवा जुन्याच्या डोक्यावर बसतो आणि जुना कायमचा गेला. याला ओव्हररन म्हणतात. पोर्ट १९,२०० वर असताना दोन बाइटमध्ये ५२१ मायक्रोसेकंद मिळतात. १,१५,२०० वर फक्त ८७. डॉस एकटा चालत असेल तर ४८६ ला ८७ मायक्रोसेकंदही बऱ्याचदा पुरतात. पण विंडोज ३.१ च्या खिडकीत डॉस-प्रोग्राम असला की इंटरप्ट थेट त्याच्याकडे जात नाही. आधी विंडोज तो घेतं, कोणाचा आहे ते ठरवतं, मग त्या खिडकीतल्या बनावट यंत्राकडे पोचवतं. तेवढ्यात दोन-चार बाइट येऊन एकमेकांना तुडवून गेलेले असतात.

'पण सरासरी तर सेकंदाला २,१०० बाइटच येतायत, मग ८७ मायक्रोसेकंदांचा प्रश्न येतोच कुठे?' असं तुम्ही म्हणाल. येतो. मोडेम बाइट एकेक करून टिपत नाही. तारेवरून आलेली अख्खी चौकट तपासतो, दाबलेली उलगडतो आणि मग तो गठ्ठा पोर्टच्या पूर्ण वेगाने संगणकाच्या अंगावर ओततो. दोन गठ्ठ्यांच्या मध्ये निवांतपणा असतो, पण गठ्ठ्याच्या आत बाइटमधलं अंतर ८७ मायक्रोसेकंदच. म्हणून पोर्टचा वेग 'वाढवून ठेवलेला बरा' हा समज तुम्हाला महागात पडतोय.

एक बाइट गळला तर एवढं काय, असंही वाटू शकतं. झेडमोडेम थांबत थांबत पाठवत नाही, सलग ओततो. घेणाऱ्याला सीआरसी जुळला नाही की तो उलट निरोप पाठवतो: अमुक बाइटपासून पुन्हा दे. तो निरोप पलीकडे पोचेपर्यंत पाठवणाऱ्याचे बाइट दोन्ही मोडेमच्या बफरमध्ये, तारेवर, ड्रायव्हरच्या रांगेत भरलेले असतात. ते सगळे फुकट. गळतो एक बाइट, पुन्हा येतात काही हजार. तुमच्या फाइलीचे कित्येक तुकडे दर रात्री दोन-दोनदा येतात, आणि दोन्ही वेळचे पैसे तुम्हीच भरता.

हे खरंच असं होतंय का, ते आज रात्रीच बघता येईल, काही विकत न घेता. फाइल येत असताना मुख्य कार्यालयातल्या मोडेमसमोर खुर्ची टाकून बसा आणि दिव्यांकडे बघा. आरडी, म्हणजे आत येणाऱ्या डेटाचा दिवा सतत लुकलुकत राहायला हवा. एसडी, म्हणजे इकडून जाणाऱ्याचा, जवळजवळ विझलेला असायला हवा, कारण झेडमोडेमच्या सलग प्रवाहात घेणाऱ्याला बोलायचं फारसं काही नसतं. आरडी क्षणभर अडखळला आणि एसडी एकदा चमकला, की समजा मागचं पुन्हा मागितलं. किती वेळा चमकतो ते कागदावर रेघा मारून मोजा. माझ्या कामात या दिव्यांनी जेवढं सांगितलं तेवढं कुठल्याही निदान-प्रोग्रामने सांगितलं नाही.

एका ठिकाणी असाच बसलो होतो. तिथे एसडी ठरावीक अंतराने चमकायचा आणि बरोब्बर त्याच्या आधी हार्ड डिस्कचा कुरकुर आवाज यायचा. स्मार्टड्राइव्ह हा डिस्कचा वेग वाढवणारा प्रोग्राम लिहायचा डेटा साठवून ठेवत होता आणि साठा भरला की एकदम डिस्कवर उतरवत होता. तेवढा वेळ इंटरप्ट ताटकळत. त्या ड्राइव्हपुरती लिहिण्याची साठवण बंद केली आणि चमकणं थांबलं. मोडेमला हात लावला नाही, ड्रायव्हरलाही नाही. त्याआधी त्या लोकांनी फोनलाइनबद्दल तीन तक्रारी केलेल्या होत्या.

आता तुमच्या ड्रायव्हरच्या प्रश्नाकडे. ड्रायव्हर बदलून फायदा होतो का? होतो, पण चिपमध्ये दम असेल तर. १६५५०ए या चिपमध्ये १६ बाइटची रांग आहे, तिला फिफो म्हणतात. किती बाइट जमल्यावर इंटरप्ट द्यायचा ते ड्रायव्हर ठरवतो: १, ४, ८ किंवा १४. आठवर ठेवलं तर हाक मारल्यानंतरही आणखी आठ बाइटची जागा शिल्लक राहते. १,१५,२०० वर त्याचे जवळपास ७०० मायक्रोसेकंद होतात, आणि इंटरप्टची संख्या आठपटीने घटते. कुठे ८७ आणि कुठे ७००! पण ही रांग आपोआप चालू होत नाही. ड्रायव्हरने ती उघडायची असते. उघडली नाही तर १६५५०ए निमूटपणे १६४५० सारखीच वागते. चांगली चिप आणि जुना ड्रायव्हर म्हणजे गोदाम भाड्याने घेऊन कुलूपच न उघडणं. उलट १६४५० वर जगातला सर्वांत चांगला ड्रायव्हर टाकला तरी एका बाइटच्या जागेचे सोळा होत नाहीत, फक्त धावपळ जरा कमी होते.

विंडोज ३.१ च्या मूळ ड्रायव्हरची अडचण ही की फिफोची सोय विंडोजच्याच प्रोग्रामपुरती आहे. खिडकीत चालणाऱ्या डॉस-प्रोग्रामला ती मिळत नाही, आणि तुमचा नेमका तोच प्रकार आहे. त्या काळात याच दुखण्यावर टर्बोकॉम, सायबरकॉम, किंगकॉम अशी बदली ड्रायव्हरं निघाली होती. यातलं काही हाताशी लागलं तर दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासा. विंडोजच्या प्रोग्रामसाठीचा कॉम-ड्रायव्हर बदलणं वेगळं आणि डॉसच्या खिडक्यांना बनावट पोर्ट देणारा ३८६ ड्रायव्हर बदलणं वेगळं. तुम्हाला दुसरा हवाय. पहिलाच बदलून 'काही फरक नाही' म्हणणारे मी पुष्कळ बघितलेत. आयबीएमच्या ओएस/२ वाल्यांचं मात्र नशीब चांगलं होतं: त्यांच्याकडे रे ग्विन यांचा एसआयओ ड्रायव्हर होता, आणि त्याची बरोबरी मला विंडोज ३.१ वर कधी दिसली नाही.

पण तुमच्या जागी मी असतो तर ड्रायव्हर शोधण्याआधी वेगळंच केलं असतं. रात्रीच्या त्या कॉलला विंडोज हवंच कशाला? दिवसभराचं काम संपलं की विंडोजमधून बाहेर पडून साध्या डॉसवर तोच झेडमोडेम-प्रोग्राम एका बॅच फाइलीतून चालवा, सकाळी विंडोज पुन्हा सुरू करा. प्रोग्राम फॉसिल (डॉस-प्रोग्राम आणि पोर्ट यांच्यामधला ठरावीक दुवा) मानत असेल तर एक्स००, तेही रे ग्विन यांचंच, किंवा बीएनयू यापैकी एक फॉसिल ड्रायव्हर आधी चढवा. दोन्ही ड्रायव्हर चिप ओळखून फिफो उघडतात. ईएमएम३८६ हा डॉसचा स्मृती-व्यवस्थापक नसेल तर चालतंय का तेही बघा, कारण त्याच्यामुळे प्रत्येक इंटरप्टला थोडा वळसा पडतो. यात पैसा शून्य, एक संध्याकाळ जाते.

चिप कोणती आहे ते डॉसबरोबर येणाऱ्या एमएसडी प्रोग्रामच्या कॉम पोर्टच्या पानावर दिसतं. तो मात्र विंडोजच्या आतून चालवू नका, तिथे चुकीचं सांगतो. ८२५० दिसलं तर १६४५० असण्याचीही शक्यता आहे, आपल्याला दोन्ही सारख्याच निकामी. १६५५० दिसलं आणि पुढे 'ए' नसेल, तर ती मूळ चिप, जिच्या फिफोतच दोष होता. तीही मोजू नका. बदलायची वेळ आली आणि तुमच्या पोर्टकार्डावर चाळीस पायांची चिप सॉकेटमध्ये बसवलेली असेल, तर १६५५०ए तिथे पाय-टू-पाय बसते. वीज काढा, हात कॅबिनेटच्या धातूला लावा, खाचेची दिशा बघून ठेवा. चिप कार्डावर डागलेली असेल किंवा सगळं एकाच मोठ्या चिपमध्ये असेल तर त्या वाटेला जाऊ नका, दुसरं पोर्टकार्ड घ्या. आतल्या मोडेमकार्डावर स्वतःची यूएआरटी असते हा तिसरा मार्ग, पण त्यात दिवे नसतात, म्हणून मला तो आवडत नाही.

आणि एक चांगली बातमी. हे सगळं फक्त घेणाऱ्या टोकाला करायचंय. पाठवताना चिपला उशीर झाला तर मध्ये पोकळी पडते, बाइट गळत नाही. केंद्रावरच्या संगणकाची चिप जुनी असली तरी तिच्यासाठी तिकडे धाव घ्यायची गरज नाही.

वाहतूक-नियंत्रणाबद्दल, म्हणजे संगणक आणि मोडेम तारांवरून एकमेकांना 'थांब', 'पाठव' म्हणतात त्याबद्दल, दोन शब्द, कारण कोणीतरी तुम्हाला 'आरटीएस-सीटीएस चालू करा, सगळं ठीक होईल' असं नक्की सांगेल. ते चालू हवंच, दोन्ही टोकांना, मोडेममध्ये आणि प्रोग्राममध्ये, आणि केबलीत त्या तारा खरोखर असायला हव्यात. तीन तारांची केबल घेऊन डोकं आपटणारे मी बघितलेत. पण ओव्हररनवर त्याचा उपाय नाही. आरटीएस खाली ओढणं, म्हणजे मोडेमला 'थांब' म्हणणं, हे ड्रायव्हरचं काम, आपला बफर भरत आला की तो ते करतो. ओव्हररन होतो तेव्हा ड्रायव्हरला अजून जागच आलेली नसते. झोपलेला पहारेकरी दार लावत नाही.

आता ज्यातून तुमचं बिल सगळ्यांत जास्त उतरेल त्याकडे येतो, आणि त्याचा ना मोडेमशी संबंध आहे ना ड्रायव्हरशी. फाइल कॉलच्या आधी झिप करा. केंद्रावरच्या बॅच फाइलीत फोन लावण्याआधी पीकेझिपची एक ओळ, इकडे उलगडायची एक ओळ. व्ही.४२बिस वाहत्या डेटावर, छोट्या शब्दकोशाने काम करतो. त्याच्या कमाल ४:१ च्या गोष्टी माहितीपत्रकात शोभतात, रोजच्या मजकुराला २:१ च्या आसपास मिळतं. झिपला फाइल आरामात चाळायला वेळ असतो. वेळ, तारीख, आकडे, पुन्हा वेळ, तारीख, आकडे अशा नोंदी झिपमध्ये चौथाई किंवा त्याहून कमी होतात. तुमचे २ एमबी ५०० केबीवर आले असं धरा. सेकंदाला ३,७०० बाइट, म्हणजे अडीच मिनिटांच्या आत काम संपलं.

त्याहून मोठा फायदा पुढे आहे. दाबलेली फाइल मोडेमला आणखी दाबता येत नाही. त्यामुळे तारेवरून ३,७०० आले की पोर्टवरूनही ३,७०० च जातात. मग पोर्ट १,१५,२०० वर ठेवायचं कारणच उरत नाही. ३८,४०० ला ३,८४० बाइटची वाट आहे, जेमतेम पण पुरेशी. बाइटमधलं अंतर ८७ वरून २६० मायक्रोसेकंदांवर गेलं. चिप तीच, ड्रायव्हर तोच, तरी चुका झपाट्याने कमी होतील. १६५५०ए असेल तर ५७,६०० ठेवा, थोडी मोकळी जागा राहते. आणि व्ही.४२ मुळे दोन टोकांचे पोर्ट-वेग एकमेकांपासून स्वतंत्र असतात, तेव्हा हा बदलही एकट्या कार्यालयातच करायचाय. फक्त एक सांभाळा: मोडेम जुना असून एमएनपी५ या जुन्या दाबणीवर जुळत असेल तर झिप फाइलीसाठी दाबणी बंद करा. व्ही.४२बिस 'हे दाबलं जात नाही' हे ओळखून हात आखडतो. एमएनपी५ ला ते कळत नाही, तो झिप फाइल फुगवून ठेवतो.

प्रोटोकॉल तुमचा ठीक आहे, झेडमोडेमच राहू द्या. मध्येच कॉल तुटला तर तुटल्या जागेपासून पुढे सुरू करायची सोय त्यात आहे, ती प्रोग्राममध्ये चालू आहे ना एवढं बघा. एक्समोडेमसारखा १२८ बाइट पाठवून होकाराची वाट बघणारा प्रोटोकॉल असता तर गोष्ट वेगळी होती. त्रुटिदुरुस्तीच्या मोडेममधून जाऊन-येऊन सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज जातो, मग मोडेम कितीही पळो, सेकंदाला पाच-सहाशे बाइटच्या वर जात नाही. १९८० च्या दशकात यूयूसीपीवाल्यांचं, म्हणजे युनिक्स संगणकांमध्ये फोनवरून फाइली पोचवणाऱ्यांचं, हेच दुखणं होतं: ६४-६४ बाइटचे तुकडे आणि होकाराची वाट, लांब पल्ल्याच्या फोनवर. टेलिबिट कंपनीच्या ट्रेलब्लेझर मोडेमने त्यावर लबाडी केली. संगणकाला होकार जवळचा मोडेमच देऊन टाकायचा आणि तारेवर स्वतःच्या पद्धतीने डेटा पळवायचा. इतर लोक २४०० वर असताना हे मोडेम त्याच्या कितीतरी पट वेगाने जायचे. महाग होते, पण ज्यांचे रोजचे लांबचे कॉल होते त्यांनी फोनच्या बिलातून किंमत वसूल केली. 'मोडेम बदलून बिल उतरतं' हा समज तिथून आलाय, आणि तिथे तो खराच होता. तुमच्याकडे मोडेम आधीच चांगला आहे, म्हणून तो तुम्हाला लागू पडत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या मला इथे बसून सांगता येणार नाहीत.

एक म्हणजे तुमची लाइन. ३१,२०० वर जुळणं आणि ३१,२०० वर टिकणं यात फरक आहे. मोडेम मध्येच गप्प होऊन पुन्हा सूर जुळवत असेल तर प्रत्येक वेळी काही सेकंद जातात आणि मीटर चालूच असतो. कॉल संपल्यावर मोडेमला शेवटच्या जोडणीचा अहवाल विचारा, बऱ्याच मोडेमना तो येतो. फेरजुळणी दोन-तीनपेक्षा जास्त दिसली तर कमाल वेग २६,४०० वर बांधून चार रात्री बघा. व्ही.३४ चे वेग २,४०० च्या पायऱ्यांनी उतरतात, तेव्हा एकेक पायरी उतरता येते. न अडखळणारा २६,४०० हा धापा टाकणाऱ्या ३१,२०० पेक्षा स्वस्त पडतो.

दुसरं, तुमचा कॉल मध्ये कुठे इंटरनेट-टेलिफोनीवरून जातो का. आजकाल तार तांब्याची दिसली तरी पुढचा प्रवास पाकिटांतून होऊ शकतो. आवाज न दाबता नेणारी जी.७११ असेल तर मोडेम बहुधा चालतो, पण एखादं पाकीट हरवलं की फेरजुळणी. जी.७२९ सारखी आवाज दाबणारी पद्धत असेल तर ३१,२०० जुळणारच नाही. तुमचा जुळतोय, म्हणजे निदान सर्वांत वाईट प्रकार नाही.

तिसरं, आकारणीची पद्धत. पूर्ण मिनिटाची आकारणी असेल तर २ मिनिटं ५० सेकंद आणि ३ मिनिटं ५ सेकंद यात एका मिनिटाचा फरक आहे, आणि जुळणीलाच दहा-पंधरा सेकंद जातात. कॉल छोटा झाल्यावर ही किरकोळ वाटणारी सेकंदं जाणवायला लागतात. नोंदी रोज लागत नसतील तर दोन दिवसांच्या एकदम आणून बघा. रात्री सवलतीचा दर कधी सुरू होतो ते बिलावरून तपासा, ऐकीव माहितीवर नको, आणि संगणकाचं घड्याळ पुढे पळत नाही ना तेही बघा. सवलत सुरू व्हायच्या दोन मिनिटं आधी कॉल लावणारा संगणक मी बघितलाय.

क्रम विचारलात तर असा ठेवा: आधी एक रात्र फक्त दिवे आणि सेकंदाचे बाइट लिहून काढा. मग झिप आणि ३८,४००. मग विंडोजबाहेर डॉसवर. एवढ्यावरही एसडी चमकत राहिला तरच चिप, आणि चिप बदलली तर ड्रायव्हर. एका रात्री एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

शेवटी, न विचारलेली एक गोष्ट, कारण माझे स्वतःचे पैसे यात गेलेत. वर्षभर सेकंद वाचवले आणि एका रात्रीत ते सगळे घालवले. प्रोग्राम फाइल घेऊन झाल्यावर अडकला, मोडेमला 'ठेव' म्हणणारं कोणी उरलं नाही, आणि सकाळी मी येईपर्यंत, सात तास, दोन मोडेम एकमेकांना काहीही न बोलता लाइन धरून बसले होते. डीटीआर ('संगणक तयार आहे' हे मोडेमला सांगणारा संकेत) पडला की फोन ठेवायचा, ही सूचना मोडेमला दिलेली असायला हवी (बहुतेकांत 'अँड-डी-२', म्हणजे &D2), आणि केबलीत डीटीआरची तार हवी. माझ्या केबलीत ती होती, सूचना नव्हती. शिवाय काही मिनिटं डेटा आला-गेला नाही तर स्वतःच फोन ठेवणारं घड्याळ बऱ्याच मोडेममध्ये असतं. त्याच्या रजिस्टरचा क्रमांक मोडेमनुसार बदलतो, तुमच्या पुस्तिकेत बघा आणि दोन्ही टोकांना पाच मिनिटांवर लावा. संगणक पार गोठला तर डीटीआर पडतच नाही, तेव्हा हे घड्याळच कामाला येतं. झालं की एकदा दिवसा खोटा कॉल लावा, फाइल अर्धी येऊ द्या आणि संगणकाचं रीसेट बटण दाबा. मोडेमवरचा ओएच लिहिलेला, म्हणजे फोन उचललेला असल्याचा दिवा विझला पाहिजे. पाच मिनिटांनंतरही तो पेटलेलाच असला, तर कॉल अजून चालू आहे.